टॅबला कीबोर्डचं कव्हर : घ्यावं की घेऊ नये?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दुकानदार तिला ‘कीबोर्ड केस’ म्हणतात. आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या अब्बांनी पलंगावरूनच विचारलं, “केस? कौन से कोर्ट में?” तेव्हापासून आमच्याकडे ते ‘कीबोर्डवालं कव्हर’ झालं, आणि आज तुमच्याशी बोलतानाही मी तेच म्हणणार आहे. टॅब म्हणजे पाटीएवढा काचेचा संगणक, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. या पाटीला पुढून-मागून झाकणारं आणि वहीसारखं उघडलं की खालच्या पानावर टाइप करायच्या कळा असलेलं कव्हर बाजारात मिळतं. ते घ्यावं का, घेतलं तर कसलं घ्यावं आणि मराठी लिहिणाऱ्याने घेताना काय पाहावं, एवढाच आजचा विषय. मी काही इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा साधा माणूस. पण गेली दोन वर्षं मी या कव्हरांशी जेवढा झगडलो, तेवढा कधी वृत्त-छंदांशीही झगडलो नसेन.

मला या वस्तूची गरज का पडली ते आधी सांगतो. अब्बा आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मागावर कामाला होते. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं, म्हणून गिरणीचं नाव ‘एम्प्रेस’. पुढे ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या आरंभी कायमची बंद झाली. मोमिनपुऱ्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या गिरणीवर पेटत होती. हे सगळं सांगायला अब्बांना आता निवांत वेळ आहे. पण काचबिंदूने नजर गेली आहे, त्यामुळे स्वतः लिहिता येत नाही. आणि त्यांनी लिहिलं असतं ते उर्दूत. माझी मुलं मराठी शाळेत शिकली, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. तेव्हा असं ठरलं, की अब्बा सांगतील आणि मी ते मराठीत उतरवून घेईन.

तुम्ही म्हणाल, बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय आहे की! आहे. गूगलने २०१७ साली मराठीसाठीही ती दिली आणि धडधडीत, एका भाषेत बोलणाऱ्याला ती खरोखर उपयोगी पडते. अब्बांचं वाक्य मात्र उर्दूत सुरू होतं, नागपुरी हिंदीत वळण घेतं आणि मराठीत संपतं. त्यातून दाताची कवळी वाटीत ठेवलेली. ते ‘धोटा’ म्हणाले की यंत्र ‘छोटा’ लिहायचं. चार दिवसांत मी नाद सोडला.

मग काचेवरच एका बोटाने टाइप करू लागलो. मराठीत ‘कळ’ या शब्दाचे दोन अर्थ का आहेत, ते मला त्या महिन्यात समजलं. कळ दाबली की अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ यायची! टॅब आडवा धरला की काचेवर उमटणारा कीबोर्ड जवळजवळ अर्धा पडदा खातो. उरलेल्या पट्टीत आधीच्या तीन ओळी दिसल्या तर दिसल्या. पण सर्वांत मोठी अडचण मला सुचलीच नव्हती, ती अब्बांनी सांगितली. काचेवर टाइप करताना आवाज होत नाही. त्यांना दिसत नाही आणि ऐकूही काही येत नाही, मग मी लिहितोय की डुलक्या घेतोय हे त्यांना कळावं कसं? दर दोन मिनिटांनी विचारायचे, “लिख लिया?” आणि विचारता विचारता पुढचं विसरायचे.

अशा रीतीने मी बर्डीवर गेलो आणि पहिलं कीबोर्डवालं कव्हर घेऊन आलो.

गंमत पाहा. टॅब ही वस्तू मुळात कळांचा कीबोर्ड नको, म्हणून लोकांना आवडली. २०१० साली ॲपलचा आयपॅड आला तो ‘बोटाने शिवा आणि काम करा’ असं म्हणत. पण त्याच वर्षी तो उभा करून ठेवण्यासाठी कीबोर्ड जोडलेला एक स्टँडही त्यांनी विकायला काढला होता. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस’ टॅब आणला, त्याचं कीबोर्डवालं कव्हर हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. २०१५ साली आयपॅड प्रोबरोबर ॲपलनेही स्वतःचं असं कव्हर काढलं. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेला कीबोर्ड पाच वर्षांत मागच्या दाराने घरात परत आला.

ही कव्हरं टॅबशी दोन तऱ्हांनी जोडली जातात. एक ब्लूटूथने, म्हणजे बिनतारी. त्यात कीबोर्डची स्वतःची छोटी बॅटरी असते आणि ती वेगळी चार्ज करावी लागते. दुसरी तऱ्हा पिनांची. टॅबच्या कडेला किंवा पाठीवर धातूचे बारीक ठिपके असतात, कव्हरच्या पिना त्यांवर टेकल्या की जोडणी झाली. अशा कव्हरला वीज टॅबकडूनच मिळते, वेगळं चार्जिंग नाही, जोडाजोडीची कटकट नाही. मग सगळ्यांनी पिनांचंच का घेऊ नये? कारण ठिपके सगळ्या टॅबना नसतात, आणि ज्यांना असतात त्यांची जागा कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक निराळी. टॅब बदलला की एवढं महागाचं कव्हर कवडीमोलाचं. ब्लूटूथवालं निदान दुसऱ्या टॅबशी किंवा मोबाइलशीही जुळवून वापरता येतं. अर्थात मापाचं म्हणून शिवलेलं कव्हर दुसऱ्या अंगाला बसत नाही ते नाहीच.

माझं पहिलं कव्हर ब्लूटूथचं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी असे कीबोर्ड काही मिनिटं कळ दाबली नाही की झोपी जातात. पुन्हा कळ दाबली की जागे होतात, पण जागं होऊन टॅबशी सूत जुळायला क्षण-दोन क्षण लागतात. तेवढ्यात दाबलेलं पहिलं अक्षर हवेत विरून जातं. कचेरीतल्या माणसाला याचं काही वाटणार नाही, तो एकसारखा टाइप करत असतो. पण आठवणी सांगणारा म्हातारा आणि कविता लिहिणारा माणूस, दोघंही मधेच थांबतात. एकदा अब्बा गिरणीतल्या एका संपाबद्दल सांगत होते. “उस हड़ताल में मैं…” म्हणाले आणि गप्प झाले. किती वेळ, कोण जाणे. बायकोने मध्ये चहा आणून ठेवला. मग हळूच म्हणाले, “नहीं था.” मी ‘नव्हतो’ असं टाइप केलं. रात्री वाचून दाखवताना पाहतो तर काय, झोपेतून उठलेल्या कीबोर्डने पहिला ‘न’ गिळला होता आणि पडद्यावर उरलं होतं ‘व्हतो’. दुसऱ्या कुठल्या भाषेत ही नुसती टायपिंगची चूक ठरली असती. आपल्या विदर्भात ‘व्हतो’ म्हणजे ‘होतो’! मी सरळ वाचून मोकळा झालो, “त्या संपात मी व्हतो.” अब्बा उशीवरून अर्धे उठले. “मैं कब था? किसने बोला मैं था?” संपात नसण्याची खंत त्यांनी पन्नास वर्षं मनात ठेवली होती आणि एका बॅटरीने ती पुसून टाकली होती. तेव्हापासून अब्बा थांबले की मी मधूनमधून नुसतीच शिफ्टची कळ दाबत राहतो. तिने अक्षर उमटत नाही, पण कीबोर्ड जागा राहतो.

आता मांडीचा प्रश्न. दुकानातल्या चित्रात एखादी तरुणी बागेत बसून टॅब मांडीवर ठेवून हसत हसत काम करताना दिसते. तुम्ही करून पाहा. लॅपटॉपमध्ये बॅटरी आणि बाकी जड ऐवज खालच्या भागात, कळांच्या खाली असतो, पडदा हलका. टॅबमध्ये सगळं वजन पडद्यातच असतं आणि कळांचं पान पुठ्ठ्यासारखं हलकं. त्यामुळे टेबलावर ठीक, पण मांडीवर किंवा गादीवर ठेवला की तो मागे कलंडतो. यावर कंपन्यांनी दोन उपाय काढलेत. एक, पाठीमागे फोटोफ्रेमसारखा पाय द्यायचा. पण त्या पायाला मागे वितभर सपाट जागा लागते. दोन, खालचा भाग मुद्दाम जड करायचा आणि मजबूत बिजागरी लावायची. तसं केलं की वजन वाढतं. मी आमच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर दोन्ही ठेवून पाहिलं. टॅब भरला ४८० ग्रॅम, असलं एक जड कव्हर भरलं ५२० ग्रॅम. किलोभर वजन झाल्यावर मग टॅब हलका म्हणून घेतला होता, ते कारणच राहिलं नाही. किलोभराचे लॅपटॉपही मिळतात. माझी बसायची जागा म्हणजे अब्बांच्या पलंगाची कड. एकदा टॅब तिथून खाली गेला. कव्हर होतं म्हणून काच वाचली, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पुढून-मागून झाकलेला टॅब उघड्या टॅबपेक्षा जास्त पडझड सोसतो. नुसत्या लोहचुंबकाने चिकटणाऱ्या, कोपरे उघडे ठेवणाऱ्या दिमाखदार कव्हरांकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये.

लोहचुंबकावरून आठवलं. बहुतेक कव्हरांत चुंबक असतात. कव्हर मिटलं की टॅब झोपतो, तो त्यांच्यामुळेच. अब्बांच्या छातीत पेसमेकर आहे. चुंबक जवळ आला तर पेसमेकरच्या कामात फरक पडू शकतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२१ साली मोबाइल आणि स्मार्ट घड्याळांतल्या चुंबकांबाबत रुग्णांना सल्ला दिला, की अशा वस्तू शरीरातल्या उपकरणापासून निदान सहा इंच दूर ठेवाव्यात. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मिटलेला टॅब अब्बांच्या उशाशी ठेवायची माझी सवय त्या दिवसापासून सुटली. ज्यांच्या घरी पेसमेकर लावलेलं कुणी आहे, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी हे बोलायला बसलो, ते मराठीचं. कव्हर आणलं, जोडलं आणि पाहतो तर सगळ्या कळांवर इंग्रजी अक्षरं. त्याचं मला भय नव्हतं. बी.ए. झाल्यावर नोकरीसाठी मी टायपिंगच्या वर्गात मराठी तीसची परीक्षा दिली होती, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. तेव्हा गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता. (गोदरेजने २००९च्या सुमारास टाइपरायटर बनवणं थांबवलं.) त्या यंत्रावर शाई जिथे उमटते त्या क्रमाने लिहायचं असे. ‘कि’ लिहायचं तर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग ‘क’. ‘ग’ हवा तर अर्धा ‘ग्’ आणि पुढे काना. संगणकाचं तसं नाही. तिथे आपण उच्चारतो त्या क्रमाने, आधी ‘क’ मग वेलांटी. पन्नाशी उलटलेल्या माझ्या बोटांना हे पटेना. पहिले पंधरा दिवस प्रत्येक वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होती.

संगणकावर भारतीय लिपींसाठी जी प्रमाण मांडणी आहे, तिला इनस्क्रिप्ट म्हणतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली तयार केली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. मांडणी सुबक आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एक हात अक्षर देतो, दुसरा त्याला मात्रा लावतो. हातमागावर धोटा इकडून तिकडे जावा तसं. मला तर तिचं आणखी एका कारणासाठी कौतुक वाटलं. अब्बा मधेच एखादा शेर ऐकवतात, तो मी उर्दू लिपीतच ठेवतो. उर्दूच्या उच्चारानुसारी मांडणीत ‘काफ’ इंग्रजी ‘के’च्या कळेवर आहे आणि इनस्क्रिप्टमधला ‘क’ही नेमका त्याच कळेवर! एवढं एक अक्षर तिन्ही लिप्यांत माझ्या बोटाखाली एकाच जागी आहे. बाकी भाषा बदलली की सगळं बदलतं. ‘एल’वर मराठीत ‘त’, उर्दूत ‘लाम’. शिवाय उर्दू लिहिताना ओळ उजवीकडून सुरू होते. पण भाषा बदलायची कळ हाताशी असली की हे काम काचेपेक्षा कव्हरवर कितीतरी सुखाचं होतं.

अडचण पुढे आहे. इंग्रजीत अक्षरं सव्वीस. मराठीत नुसती व्यंजनंच त्याहून जास्त. मग इनस्क्रिप्टमध्ये ही जास्तीची अक्षरं कुठे गेली? उजव्या हाताच्या विरामचिन्हांच्या कळांवर. अर्धविरामाच्या कळेवर ‘च’ आहे. अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’. चौकटी कंसाच्या कळेवर ‘ड’. तिरक्या रेघेच्या कळेवर ‘य’. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर याने काहीच बिघडत नाही. पण कव्हरचा कीबोर्ड टॅबच्या रुंदीत बसवावा लागतो. टेबलावरच्या साध्या कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असतं. लहान टॅबच्या कव्हरमध्ये ते जमत नाही. मग कंपनी काय करते? सव्वीस अक्षरं शक्य तितकी मोठी ठेवते आणि उजव्या कडेची विरामचिन्हं दाबते. कुठे कळ अर्धी करते, कुठे वरच्या रांगेत सरकवते, कुठे एका कळेत दोन चिन्हं बसवून दुसऱ्यासाठी ‘एफएन’ कळ सोबत दाबायला लावते. इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकटी कंस वर्षातून किती वेळा लागतो? त्याच्या दृष्टीने ही काटकसर शहाणपणाची आहे. मराठीत मात्र तिथे ‘ड’ बसलेला असतो. माझ्या पहिल्या कव्हरवर ‘ड’ दोन बोटांनी यायचा, आणि मी लिहीत होतो कापडाच्या गिरणीची गोष्ट! ‘ट’ची कळ निम्मी होती. ‘य’ बाणांच्या कळांच्या गर्दीत जाऊन बसला होता. ‘त्याच्या’ लिहायला गेलो की कर्सर वरच्या ओळीत उडी मारायचा. ‘च’ची तर गोष्टच सोडा. ‘अब्बांचा’, ‘गिरणीची’, ‘मोमिनपुऱ्याचे’. ‘च’ नसेल तर मराठीत कशाचंच नातं कशाशी लावता येणार नाही.

आणखी दोन अक्षरं सांगतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. इनस्क्रिप्ट त्याआधीची. त्यामुळे काही जुन्या मांडण्यांत ‘ॲ’ऐवजी हिंदी धाटणीचा ‘ऍ’ उमटतो. दुसरं ‘ऱ्य’. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, यांतला फरक ज्या मांडणीला कळत नाही, तिच्यावर मराठी कवीने विसंबू नये. इनस्क्रिप्टमध्ये हा ‘ऱ’ शिफ्टसह ‘जे’च्या कळेवर आहे.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारे पुष्कळ जण आहेत. ‘घर’साठी ‘जी-एच-ए-आर’. काचेच्या कीबोर्डवर ती पद्धत फार सोयीची आहे. पण माझ्या टॅबला बाहेरचा कीबोर्ड जोडला की काचेवरचा कीबोर्ड नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर शब्द सुचवणारी पट्टीही जाते. उरतात नुसती इंग्रजी अक्षरं. सगळ्याच टॅबवर असं होईल असं नाही. विंडोजवर चालणाऱ्या टॅबमध्ये मे २०१९च्या सुधारणेपासून उच्चारानुसारी मराठी कीबोर्ड आतच मिळतो आणि तो बाहेरच्या कळांवरही चालतो. मुद्दा एवढाच, की ‘मराठी सपोर्ट आहे’ या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तो काचेवरच्या मराठीबद्दल बोलत असतो. आपला टॅब सोबत न्या, कव्हर जोडा आणि त्याच्यासमोर एक वाक्य टाइप करून पाहा. माझं वाक्य तयार आहे : ‘चाळीतल्या म्हाताऱ्याची ॲल्युमिनियमची किटली कापडात गुंडाळून ठेवली.’ यात सगळी नाठाळ अक्षरं आली. हे वाक्य ज्या कव्हरवर न अडखळता उतरलं, ते घ्या. बर्डीवरच्या एका दुकानदाराला आता हे वाक्य पाठ झालं आहे, मला पाहिलं की तोच विचारतो, “क्या चाचा, किटली लाये क्या?”

कळांवर लावायचे देवनागरी स्टिकर मिळतात. मी लावले होते. एप्रिलच्या घामाने त्यांतले निम्मे निघाले, आणि तोवर अक्षरं पाठ झाली होती.

उन्हाळ्याचा विषय नागपुरात टाळता येणार नाही. आयपॅडसारखे टॅब ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत, असं त्यांची कंपनीच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. त्यात टॅब कव्हरमध्ये गुंडाळलेला, म्हणजे अंगावर रजई. चार्जिंगला लावताना मी तो कव्हरमधून बाहेर काढतो आणि कूलरच्या झोतापासून, म्हणजे ओल्या हवेपासूनही लांब ठेवतो. चामड्यासारखी दिसणारी बरीच कव्हरं प्लास्टिकच्या लेपाची असतात. माझ्या कव्हरने दोन उन्हाळ्यांत कात टाकली, काळे पापुद्रे सगळ्या चादरीवर. दुकानात ती मऊ पाठ बोटांना फार आवडते, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

अब्बांचा आवाजही मी जपून ठेवतो. सुरुवातीला टॅबवरच ध्वनिमुद्रण लावून त्याच्याच कव्हरवर टाइप करत होतो. ऐकायला बसलो तर अब्बा कमी आणि टकटक जास्त. कीबोर्ड टॅबला चिकटलेला, त्यामुळे प्रत्येक ठोका थेट माइकमध्ये. आता मुद्रणासाठी मोबाइल वेगळा, उशीच्या पलीकडे हातभर लांब ठेवतो.

पण हीच टकटक अब्बांना आवडली. काचेवर लिहीत होतो तेव्हा त्यांना काही ऐकू येत नव्हतं, हे मी मघाशी सांगितलं. कळांचा आवाज सुरू झाला आणि “लिख लिया?” बंद झालं. आवाज चालू आहे तोवर ते बोलतात, आवाज थांबला की थांबतात. एक दिवस मी कारण विचारलं. म्हणाले, मागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. शेकडो मागांच्या गदारोळातसुद्धा आपला माग गप्प झाला की विणकराला कळतं. “तेरा बंद हुआ, तो मैं समझा धागा टूट गया.”

कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. टॅबवर सिनेमे पाहणं, बातम्या वाचणं, मुलांशी बोलणं एवढाच वापर असेल, तर हे कव्हर म्हणजे वजन आणि खर्च. साधं झाकण पुरे. जो रोज अर्ध्या तासाहून जास्त लिहितो, त्याला काचेपेक्षा कळा शंभर पटींनी बऱ्या. काचेवर माझे मिनिटाला जेमतेम बारा शब्द होत होते, आता पंचवीसपर्यंत होतात. सरकारी नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा देणाऱ्या मुलांनी मात्र सराव कव्हरवर करू नये. परीक्षेला पूर्ण आकाराचा कीबोर्ड असतो. अर्ध्या ‘ट’ची सवय लागलेलं बोट तिथे चुकतं. शिवाय काही नामांकित कंपन्यांच्या कव्हरच्या किमतीत साधा लॅपटॉप येतो, हेही पाहून घ्यावं. आणि कविता? ती मी अजून पाठकोऱ्या कागदावरच लिहितो. कळांवर हात बसला की ओळी लांबत जातात, असा माझा अनुभव आहे. इतर कवींनी त्यांचं त्यांनी पाहावं.

माझी सध्याची व्यवस्था सांगून थांबतो. दुसरं कव्हर घेतलं ते सुट्या कीबोर्डचं. कळांचं पान टॅबपासून अलग होतं आणि तरीही ब्लूटूथने चालतं. टॅब थोडा मोठा घेतला, त्यामुळे ‘ड’ला, ‘ट’ला आणि ‘य’ला त्यांची पूर्ण जागा मिळाली. एकत्र जोडलेल्या कव्हरचा एक दोष कितीही पैसे दिले तरी जात नाही : पडदा आणि कळा एकाच पातळीवर राहतात. पडदा नजरेला बरा तर हात अवघडतात, हात सुखात तर मान खाली. सुट्या कीबोर्डने ते टळतं. राहिला टॅब उभा करायचा प्रश्न. आमच्या घरात रेहल आहे, कुराणशरीफ ठेवायची लाकडी घडीची. ती त्या कामासाठीच. पण तिच्याकडे पाहून सुचलं आणि इतवारीतल्या एका सुताराकडून तशीच, जरा उंच पायांची आणि खाली अडणी ठोकलेली वेगळी घोडी करून घेतली. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर उभी राहते, टॅब माझ्या डोळ्यांसमोर येतो, कीबोर्ड मांडीवर आणि अब्बा हाताच्या अंतरावर. सुताराने दोनशे रुपये घेतले. त्याने विचारलं, “यावर काय ठेवणार?” मी म्हटलं, “माग.” तो माझ्याकडे पाहतच राहिला.

गोष्ट सध्या १९७४ सालापर्यंत आली आहे. संपाचं प्रकरण मी पुन्हा लिहून काढलं आणि अब्बांना दोनदा वाचून दाखवलं. ‘नव्हतो’ आता जागेवर आहे.